पोटातले जिवाणू आणि मणक्यांमधील गादी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात कंबरदुखीविषयी लिहिताना, आतड्यातील जिवाणूंचा मणक्यांमधील गादीच्या झिजेशी संबंध असावा असे काही संशोधकांना वाटते, असे एक वाक्य आले होते. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली, आणि त्यांतल्या काही पत्रांत इतकी घाई आणि इतकी आशा दिसली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. कंबरेच्या एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी ‘डीजनरेटेड’ असल्याचे लिहिले आहे. गादी पाठीत आणि जिवाणू पोटात असताना एकाचा दुसऱ्यावर परिणाम कसा होऊ शकतो? याला काही शास्त्रीय आधार आहे का?

उत्तर : आधार आहे, पण सिद्धता नाही. ही कल्पना कुठे भक्कम आहे आणि कुठे लंगडी पडते हे समजण्यासाठी आधी गादीचे पोषण कसे चालते ते पाहावे लागेल.

माणसाच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या मध्यभागी मऊ, बुळबुळीत गाभा असतो आणि त्याच्याभोवती कोलॅजनच्या तंतूंचे एकावर एक वेढे घातलेले कडे असते. तरुण वयात गाभ्याचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच असते. हे पाणी धरून ठेवते ते अ‍ॅग्रिकन नावाचे, शर्करेच्या असंख्य साखळ्या अंगावर वागवणारे एक अवाढव्य प्रथिन. एमआरआयच्या ज्या चित्रांत पाणी पांढरे दिसते, त्यांत निरोगी गादीचा गाभा पांढरा आणि झिजलेली गादी काळी दिसते. तुमच्या अहवालातील शब्दामागे बहुधा हाच काळेपणा आहे.

प्रौढ शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा दुसरा भाग नाही. गादीच्या आकारमानाच्या जेमतेम एक टक्का जागा पेशींनी व्यापलेली असते, आणि गाभ्यातल्या काही पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून ६ ते ८ मिलिमीटर दूर असतात. हे अंतर ऐकायला किरकोळ वाटते, पण शरीरातील बहुतेक पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या आतच राहतात. गादीच्या पेशींना मिळणारा प्राणवायू आणि ग्लुकोज वरच्या व खालच्या मणक्यांतील केशवाहिन्यांमधून, कूर्चेच्या पातळ थरातून झिरपत येतो, आणि तयार झालेले लॅक्टिक आम्ल त्याच वाटेने बाहेर जाते. अशा हलाखीत जगणाऱ्या पेशींना झालेले नुकसान भरून काढणे फार अवघड जाते. म्हणूनच शेजारच्या रक्तात काय फिरते आहे, याला या पेशींच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे.

आता आतड्याकडे वळू. आतड्याच्या आतील पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरतो आणि त्यावर पेशींचा केवळ एकच थर असतो, जो तीन ते पाच दिवसांत पूर्ण बदलला जातो. या थराच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला रक्त असते. मोठ्या आतड्यातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेट या आम्लापासून मिळवतात, आणि हे आम्ल काही विशिष्ट जिवाणू आपण खाल्लेल्या तंतुमय पदार्थांपासून तयार करतात. जिवाणूंचा समतोल ढळला, ब्युटिरेट कमी झाले आणि पेशींमधील सांधे सैल पडले, तर काही जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात शिरतात. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा हे तुकडे ओळखते आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी रसायने सोडते. ताप यावा इतकी ही प्रतिक्रिया तीव्र नसते. ती मंद असते आणि वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ ही दोन्ही रसायने गादीच्या झिजेतली जुनी, चांगली ओळखीची नावे आहेत. प्रयोगशाळेत गादीच्या पेशींना इंटरल्युकिन-१ दिले, की त्या अ‍ॅग्रिकन आणि कोलॅजन कापणारी विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार करू लागतात. अ‍ॅग्रिकन कमी झाले की पाणी सुटते, गादीची उंची घटते, बाहेरच्या कड्याला चिरा पडतात आणि जिथे एरवी चेतातंतू पोहोचत नाहीत अशा आतल्या भागात ते शिरू लागतात. यातला दाह प्रामुख्याने गादीच्या स्वतःच्या पेशींतूनच निर्माण होतो हे खरे. आतड्यातून आलेला मंद दाह त्यात भर घालतो, असा या गृहीतकाचा दावा आहे. हाडांचाही एक मार्ग सुचवला जातो. २०१२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की पूर्णपणे जिवाणुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या हाडांची घनता नेहमीच्या उंदरांपेक्षा वेगळी, प्रत्यक्षात अधिक असते. गादीचे पोषण शेजारच्या हाडावर अवलंबून असल्यामुळे हा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संशोधकांनी २०२२ साली या सगळ्या धाग्यांची एकत्र मांडणी केली आणि आतडे व गादी यांच्यातील हा संभाव्य मार्ग संशोधनाच्या पटावर आणला. त्यांची मांडणी मला विचार करण्याजोगी वाटते. मात्र तिच्यातला एकेक दुवा वेगवेगळ्या प्रयोगांत, कधी पेशींत, कधी उंदरांत, कधी माणसांच्या रक्तात दिसलेला आहे. एकाच माणसात आतड्यापासून गादीपर्यंतची पूर्ण वाट कोणी दाखवून दिलेली नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे १,४२७ जणांच्या शौचाची तपासणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या आतड्यात स्ट्रेप्टोकॉकस गटातील जिवाणू अधिक होते त्यांना गुडघेदुखीही अधिक होती, असे आढळले. मोठ्या आणि काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांपैकी तो एक आहे, पण तो गुडघ्याचा आहे. गुडघ्यात रक्तपुरवठा असलेले अस्तर असते, गादीत ते नसते. त्यामुळे गुडघ्याचा निष्कर्ष जसाच्या तसा गादीला लावता येत नाही.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांनी कुठेतरी वाचले, की कंबरदुखी हा गादीतल्या जिवाणूंचा संसर्ग असतो आणि शंभर दिवस अँटिबायोटिक घेतल्यास ती बरी होते. त्यांनी गोळ्या मिळवण्याची खटपटही सुरू केली आहे. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांना कृपया थांबवावे. ही बातमी खोटी नाही. ती अर्धीच त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे.

सुरुवात २००१ साली झाली. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटिश संशोधकांनी लिहिले, की सायटिकासाठी, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी, शस्त्रक्रिया झालेल्या ३६ रुग्णांपैकी १९ जणांच्या काढलेल्या गादीच्या तुकड्यांतून जिवाणू वाढले आणि त्यांतले बहुसंख्य मुरमांशी संबंधित असलेल्या एकाच जातीचे होते. त्यानंतर २०१३ साली डेन्मार्कमधील १६२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. या रुग्णांना आधी गादी सरकण्याचा त्रास होऊन गेला होता, कंबर सहा महिन्यांहून अधिक काळ दुखत होती आणि एमआरआयमध्ये गादीलगतच्या हाडात सूज दिसत होती. या सुजेला १९८८ साली तिचे वर्णन करणाऱ्या मायकेल मोडिक यांच्यावरून मोडिक बदल म्हणतात. शंभर दिवस अँटिबायोटिक घेतलेल्यांना, तुलनेसाठी औषध नसलेली बनावट गोळी घेतलेल्यांपेक्षा ठळक फायदा झाल्याचे त्या चाचणीत नोंदले गेले. तुमच्या मेहुण्यांनी वाचले ते बहुधा एवढेच.

पुढचा भाग असा आहे. नॉर्वेतील सहा रुग्णालयांनी मिळून तशाच १८० रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी केली आणि ती २०१९ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एक वर्षानंतर, दैनंदिन हालचालींतील अडचण मोजणाऱ्या २४ गुणांच्या प्रश्नावलीत दोन गटांमधला फरक सरासरी १.६ गुणांचा होता, आणि रुग्णाला जाणवावा इतका फरक म्हणून संशोधकांनी आधीच ठरवलेली मर्यादा ४ गुणांची होती. औषधाचा दुष्परिणाम मात्र अँटिबायोटिक घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के आणि बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोकांना झाला. माझ्या मते कंबरदुखीसाठी सरसकट अँटिबायोटिक देण्याचा प्रश्न या चाचणीने निकालात काढला आहे.

मग शस्त्रक्रियेत मिळालेले ते जिवाणू कुठून आले? मुरमांशी संबंधित हा जिवाणू निरोगी त्वचेवरही, केसांच्या मुळाशी, खोलवर राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा कितीही पुसली तरी चिरेच्या कडेला तो उरतो आणि गादीचा तुकडा त्याच चिरेतून बाहेर येतो. त्यामुळे तो गादीतच होता की वाटेत चिकटला, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. कोइम्बतूर येथील शल्यचिकित्सक आणि संशोधकांनी २०२० साली जनुकीय तपासणीच्या आधारे असे मांडले, की निरोगी गादीतही जिवाणूंचे अस्तित्व असते आणि झिजलेल्या गादीत त्यांची रचना बदललेली असते. एमआरआयमध्ये निरोगी दिसणाऱ्या गाद्या त्यांनी अवयवदात्यांकडून मिळवल्या होत्या, ही या अभ्यासाची फार मोलाची बाजू आहे, कारण तुलनेसाठी निरोगी गादी मिळणे हीच या क्षेत्रातली सर्वांत मोठी अडचण असते. तरीही ज्या ऊतींत जिवाणूंचा अंश अत्यल्प असतो, तिथे तपासणीच्या रसायनांत आधीच असलेले जिवाणूंचे जनुकीय अवशेषसुद्धा निष्कर्ष बिघडवू शकतात. गर्भाच्या वारेत स्वतंत्र जिवाणुसृष्टी असते, असे २०१४ साली जाहीर झाले तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. २०१९ साली पाचशेहून अधिक महिलांच्या नमुन्यांचा अभ्यास झाला तेव्हा जे दिसले होते त्यातले बहुतेक या भेसळीतून आणि प्रसूतीच्या वेळच्या संपर्कातून आलेले निघाले. गादीच्या बाबतीतही तितकीच कठोर फेरतपासणी व्हायला हवी.

गादीचा खरा संसर्गही असतो, पण त्याचे चित्र निराळे असते. ताप, रात्री झोपू न देणारी आणि विश्रांतीनेही न थांबणारी वेदना, वजन घटणे, रक्तातील दाहदर्शक चाचण्या वाढलेल्या असणे, ही त्याची लक्षणे होत. तिथे अँटिबायोटिक अनिवार्य असते आणि ते कोणते द्यायचे हे जिवाणू ओळखून ठरवले जाते. संसर्ग नसताना शंभर दिवस अशी औषधे घेतल्यास आतड्यातील ज्या जिवाणूंविषयी आपण या सदरात बोलत आहोत त्यांचीच हानी होते, आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढीला लागतात.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. अलीकडे जनुकांच्या साहाय्याने केलेल्या काही अभ्यासांत ठरावीक जिवाणू गादीच्या झिजेचे ‘कारण’ असल्याचे सिद्ध झाले, असे मथळे वाचले. हे अभ्यास कसे करतात आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : या पद्धतीमागची कल्पना सुंदर आहे. आईवडिलांकडून कोणते जनुक मिळेल हे गर्भधारणेच्या क्षणी योगायोगाने ठरते, पुढच्या आहारविहाराने नव्हे. एखाद्या जनुकीय फरकामुळे विशिष्ट जिवाणू आतड्यात जास्त वाढत असेल आणि तोच फरक असणाऱ्यांच्या गाद्याही अधिक झिजत असतील, तर जिवाणूमुळे झीज झाली असे अनुमान काढता येते. पाठ दुखते म्हणून आहार बदलला आणि आहार बदलला म्हणून जिवाणू बदलले, ही उलटी शक्यता त्यातून बरीचशी वगळली जाते.

अडचण कच्च्या मालात आहे. असे बरेचसे अभ्यास आतड्यातील जिवाणू आणि मानवी जनुके यांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संग्रहावर उभे आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात १८,३४० जणांची माहिती आहे. इतक्या लोकांची माहिती धुंडाळूनही संख्याशास्त्राच्या सर्वांत कडक कसोटीला उतरला तो जनुकांतला एकच ठिकाणचा फरक : दुधातील लॅक्टोज पचवणाऱ्या विकराचे जनुक आणि बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू यांचा संबंध. ज्यांना दूध पचत नाही त्यांचे लॅक्टोज खाली मोठ्या आतड्यात जाते आणि या जिवाणूला खाद्य मिळते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आता हेच जनुक माणूस दूध किती पितो हेही ठरवते, आणि दुधाचा हाडांशी संबंध आहे. म्हणजे जनुकापासून पाठीकडे जाणारी, जिवाणूला वगळून जाणारी दुसरी वाट इथे उघडी राहते. बाकीच्या जिवाणूंसाठी संशोधक सैल कसोटी लावतात आणि दोनशेहून अधिक जिवाणुगट एकेक करून तपासतात. वीसमध्ये एक चूक चालेल एवढी ढिली अट ठेवली तर दोनशे गटांतून दहाएक ‘कारणे’ निव्वळ योगायोगाने हाती लागतील. वर्गात संभाव्यता शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर द्यावे.

आणखी एक गोष्ट. माणसामाणसांच्या आतड्यातील जिवाणूंत जो फरक आढळतो त्याचा फारच थोडा वाटा आनुवंशिक असतो. इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ साली तो २ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला. गादीच्या झिजेचे गणित याच्या अगदी उलट आहे. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या ११५ जोड्यांच्या एमआरआयवरून १९९५ साली असे दिसले, की कंबरेच्या वरच्या भागातील गाद्यांच्या झिजेत आढळणाऱ्या फरकाचा ६१ टक्के आणि खालच्या भागातील ३४ टक्के हिस्सा आनुवंशिकता आणि बालपणीची सामाईक परिस्थिती यांच्याकडे जातो. आयुष्यभर उचललेल्या ओझ्याचा वाटा एक आकडी टक्क्यांपलीकडे गेला नाही. ओझे उचलणाऱ्यांचीच गादी झिजते, ही आपल्या सर्वांच्या मनात घट्ट बसलेली समजूत या अभ्यासाने खिळखिळी केली. जिवाणूंना झिजेत काही वाटा असलाच तर तो या मोठ्या वाट्यानंतर उरलेल्या जागेतच शोधावा लागेल.

प्रश्न : पाठदुखीसाठी दीड वर्षापासून रोज वेदनाशामक गोळी आणि तिच्याबरोबर पित्ताची गोळी घेतो. आता पोट साफ होत नाही, गॅस होतो, भूक मंदावली आहे. पोट बिघडल्यामुळे पाठ दुखते आहे, असे मला वाटू लागले आहे. तसे असेल का?

उत्तर : तुमचे पत्र मी मुद्दाम सविस्तर उत्तरासाठी निवडले, कारण आतडे आणि पाठ यांच्या नात्याचा जो भाग आज पुराव्याने दाखवता येतो तो तुमच्या पत्रात आहे, आणि त्याची दिशा तुम्ही समजता त्याच्या उलट असण्याची शक्यता अधिक आहे.

दाहविरोधी वेदनाशामक गोळ्या जठराला त्रास देतात हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच त्यांच्याबरोबर पित्ताची गोळी दिली जाते. पण पित्ताची गोळी जठराचे रक्षण करते, लहान आतड्याचे नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलने लहान आतड्याची तपासणी केली गेली. तीन महिन्यांहून अधिक काळ रोज अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा दिसली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. अभ्यास लहान होता, पण फरक इतका मोठा होता की तो दुर्लक्षिता येत नाही. दुसरीकडे, पित्ताच्या गोळ्या जठरातील आम्ल कमी करतात आणि एरवी तिथेच मरणारे तोंडातले जिवाणू जिवंत खाली पोहोचतात. २०१६ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील दोन स्वतंत्र अभ्यासांत ही औषधे घेणाऱ्यांच्या शौचात तोंडातल्या जिवाणूंचे प्रमाण वाढलेले आढळले. तुमच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखे औषध असेल तर बद्धकोष्ठतेचे कारण वेगळे शोधायला नको, कारण ही औषधे आतड्याची हालचालच मंद करतात. त्यात दुखण्यामुळे चालणे-फिरणे कमी झाले असेल, तर त्याचाही परिणाम आतड्यावर होतो.

एखाद्या अभ्यासात पाठदुखीच्या रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू निरोगी लोकांपेक्षा वेगळे दिसले, तर तो फरक दुखण्याचे कारण आहे, दुखण्याच्या औषधांचा परिणाम आहे, की कमी झालेल्या हालचालीचा, हे एकदाच केलेल्या तपासणीतून कळू शकत नाही. या विषयावरचे मानवी अभ्यास वाचताना मी सर्वांत आधी पाहतो ते एवढेच, की रुग्ण कोणती औषधे घेत होते याची नोंद आहे का.

तुम्ही करावयाची गोष्ट अशी : गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, दुकानातून स्वतः आणलेल्या धरून, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. एकाच घटकाच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी चालू असल्याचे अशा वेळी अनेकदा उघड होते. हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घ्या; आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव पुष्कळदा फक्त हिमोग्लोबिन घटल्यावरच कळतो. वेदनाशामक रोज लागते का, दुखणे वाढेल तेवढ्याच दिवशी घेऊन भागेल का, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. पित्ताची गोळी मात्र वेदनाशामक चालू असताना आपल्या मनाने बंद करू नका.

एक इशारा सर्वांसाठीच. कंबरदुखीबरोबर अचानक लघवी तुंबली, शौचावरचा ताबा गेला, किंवा जननेंद्रिये आणि बसण्याच्या भागाची संवेदना बधिर झाली, तर तो पोटाचा विकार समजून घरी थांबू नये. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती लक्षणे असतात आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या तासांत, रुग्णालय गाठावे लागते.

प्रश्न : शौचातील जिवाणूंची तपासणी करून घेऊन त्यानुसार प्रोबायोटिक कॅप्सूल घेतल्या तर गादीची झीज थांबेल का? आहारात काय बदल करावा?

उत्तर : तपासणीचा अहवाल रंगीत आणि लांबलचक येतो, पण त्यातल्या कोणत्याही आकड्यावरून गादीविषयी काहीही ठरवता येत नाही, या कामासाठी ती करू नये.

प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंची, परीक्षा झालेली आहे. डेन्मार्कमध्ये जुनाट कंबरदुखी आणि मोडिक बदल असलेल्या ८९ रुग्णांपैकी काहींना शंभर दिवस लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी आणि काहींना बनावट कॅप्सूल दिली गेली आणि वर्षभर त्यांचा मागोवा घेतला गेला. रुग्णांना रोजच्या जगण्यात उपयोग व्हावा असा फायदा दिसून आला नाही. एका जिवाणूच्या एका चाचणीवरून सगळा विषय संपत नाही हे मान्य आहे, तरीपण गादीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर पैसे खर्च करायला हा पुरावा पुरेसा नाही, असे मी स्पष्टपणे सांगेन. प्राण्यांतले चित्र अधिक आशादायक आहे : लठ्ठ उंदरांना जिवाणूंचे खाद्य असलेली ऑलिगोफ्रुक्टोज ही शर्करा दिल्यावर त्यांच्या गुडघ्यांची झीज कमी झाल्याचे २०१८ साली दिसले. पण त्या उंदरांत लठ्ठपणा, दाह आणि इजा या तिन्ही गोष्टी प्रयोगासाठी घडवून आणलेल्या होत्या.

आहाराबद्दल मी अधिक मोकळेपणाने सांगू शकतो, कारण तिथे गादीला फायदा झाला नाही तरी बाकीच्या शरीराला होतोच. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यावेत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डाळी, कडधान्ये, कोंड्यासह धान्य, भाज्या आणि फळे यांतून ते मिळतात. प्रमाण आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे आणि पाणीही वाढवावे, नाहीतर गॅस आणि पोटफुगीने माणूस चार दिवसांतच कंटाळून सोडून देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आंबवलेले पदार्थ नियमित खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा फायदा दुहेरी आहे, कारण चरबी मणक्यांवर भार टाकते आणि मंद दाहही चालू ठेवते. धूम्रपान करत असाल तर ते सोडणे कोणत्याही कॅप्सूलपेक्षा महत्त्वाचे आहे. गादीला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्याचा थेट परिणाम होतो.

आणि चालावे. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, नुकत्याच कंबरदुखीतून बरे झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवण्याचे मार्गदर्शन दिले. पुन्हा कंबर दुखेपर्यंतचा मध्यक कालावधी त्यांच्यात २०८ दिवसांचा होता, इतरांत ११२ दिवसांचा. चालण्याने आतड्यातील जिवाणूंतही अनुकूल बदल होत असावेत, असे मानायला जागा आहे. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी हा आकडा आपल्या बळावर उभा आहे.

प्रश्न : एमआरआयमध्ये तीन गाद्या झिजलेल्या आहेत. वय ५२. मी फार घाबरले आहे.

उत्तर : कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनची चित्रे एकत्र अभ्यासून २०१५ साली असे आढळले, की विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ती ९६ टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या चित्रांत ती सापडेल. सरकलेल्या गादीच्या बाबतीत तर आणखी दिलाशाची गोष्ट आहे : पूर्ण सुटून बाहेर पडलेला तुकडा शरीर बहुतांश रुग्णांत स्वतःच शोषून घेते, आणि हे काम करतात त्या दाहाच्याच पेशी. दाह म्हणजे सर्वथा शत्रू असे मानून तो सतत औषधाने दाबत राहणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. वर्षभर कंबर दुखते. सकाळी उठल्यावर तासभर अंग आखडलेले असते, फिरल्यावर मोकळे होते. अधूनमधून जुलाब होतात, एकदोनदा रक्तही पडले. गादीची झीज असेल म्हणून आम्ही त्याला झोपून राहायला सांगतो. हा आतड्यातील जिवाणूंचा परिणाम असू शकेल का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून गादीच्या झिजेपेक्षा दुसऱ्याच आजाराची शंका येते, आणि ती लवकर तपासून घ्यावी म्हणून हे पत्र शेवटी असले तरी सर्वांत तातडीचे आहे. तरुण वयात सुरू झालेले, विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे, रात्रीच्या उत्तरार्धात झोपेतून उठवणारे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेपण आणणारे दुखणे हे मणक्यांच्या दाहाचे, म्हणजे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या गटातील आजाराचे लक्षण असू शकते. गादीचे दुखणे सहसा याच्या उलट वागते : बसून, वाकून, भार उचलून वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते.

या आजारात आतडे आणि मणका यांचे नाते अनेक दशकांपासून माहीत आहे आणि ते गादीच्या बाबतीतल्या नात्यापेक्षा कितीतरी पक्के आहे. बेल्जियममधील गेन्ट येथील डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या आतड्यातील नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा, पोटाची काहीही तक्रार नसतानाही जवळजवळ निम्म्या रुग्णांत दाह आढळला. ५ ते १० टक्के रुग्णांना आतड्याचा उघड दाहरोगही असतो. या आजाराशी निगडित असलेले एचएलए-बी२७ हे मानवी जनुक ज्यांच्यात घातले होते त्या उंदीरवर्गीय प्राण्यांना नेहमीच्या वातावरणात आतड्याचा आणि सांध्यांचा दाह झाला. तेच प्राणी जिवाणुमुक्त वातावरणात वाढवले तेव्हा तो झाला नाही. १९९४ सालच्या या प्रयोगामुळेच, आतड्यातील जिवाणू दूरच्या सांध्यावर परिणाम करू शकतात हा विचार गांभीर्याने घेतला जाऊ लागला, आणि गादीविषयीच्या आजच्या गृहीतकालाही त्यातूनच बळ मिळाले.

मुलाला संधिवाततज्ज्ञांकडे न्या. भेटीत कंबरेबरोबर जुलाब आणि रक्त यांचा उल्लेख अवश्य करा, कारण तरुण मुले ही गोष्ट संकोचाने सांगत नाहीत आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती विचारली जाईलच असे नाही. डोळा लाल होऊन दुखला होता का, टाच दुखते का, कुटुंबात कोणाला सोरायसिस आहे का, याचीही माहिती न्या. तपासणीत माकडहाडाच्या वरच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचे एमआरआय, रक्तातील दाहदर्शक चाचण्या आणि आतड्याच्या दाहासाठी शौचातील कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी या गोष्टींचा विचार होईल. शौचातून रक्त पडत असताना दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, कारण आतड्याचा दाहरोग असल्यास त्यांनी तो भडकू शकतो. आणि तपासणी होईपर्यंत त्याला झोपवून ठेवू नका; त्याला बरे वाटेल तितके चालू द्या.